व्यसनमुक्तीचा संकल्प आणि समुपदेशकाचे यम

(समुपदेशन सेवेतील साधकांसाठी स्वाध्याय-पाठ)



शिबिराच्या समारोपाला किंवा गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात एक दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. एखादा गृहस्थ व्यासपीठावर येतो, ओंजळीत पाणी घेतो आणि आजपासून दारूला शिवणार नाही असे सर्वांसमक्ष सांगतो. टाळ्या होतात. मागे बसलेली त्याची पत्नी पदराने डोळे पुसते. फोटो निघतो आणि रात्रीपर्यंत तो दहा-बारा व्हॉट्सॲप गटांवर फिरतो. या दृश्यात खोटे काही नसते. त्या माणसाचा निश्चय त्या क्षणी मनापासूनचा असतो, आपला आनंदही मनापासूनचा असतो. परंतु ज्यांनी व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाची सेवा अंगावर घेतली आहे त्यांनी हे दृश्य तिसऱ्या दिवसाच्या बाजूने पाहायला शिकले पाहिजे. त्या दिवशी तो माणूस कोठे असेल, कसा असेल आणि त्याच्याजवळ कोण असेल, याचा विचार टाळ्यांच्या आधी व्हायला हवा.

आपल्यापैकी काही जण मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकून या क्षेत्रात आलेले आहेत. बरेच जण मात्र प्राथमिक प्रशिक्षण घेऊन सेवाभावाने बसणारे आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांना नोंदणी चालू ठेवण्यासाठी पुढचे शिक्षण घेत राहावे लागते. सेवाभावी समुपदेशकाला असे कोणी विचारत नाही. म्हणून त्याने स्वतःला विचारायचे. हा पाठ त्यासाठी आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात सांगितलेले पाच यम आपण रोजच्या जीवनात आणण्याचा प्रयत्न करतो. समुपदेशनाच्या खोलीत त्यांचा अर्थ फार नेमका होतो. तेवढेच येथे पाहू, आणि त्यातही जेथे आपल्या हातून जास्त चुका होतात तेथे अधिक थांबू.

तिसरा दिवस : अहिंसा

अहिंसा म्हणजे मारू नये, कठोर बोलू नये, इतका अर्थ आपल्याला पाठ आहे. पण पुरेसे ज्ञान नसताना दिलेला चांगला सल्लाही हिंसा करू शकतो. दारूच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे.

जो माणूस वर्षानुवर्षे रोज पितो, ज्याला सकाळी हात स्थिर व्हावेत म्हणूनही घोट घ्यावा लागतो, त्याचा मेंदू दारूच्या सतत पुरवठ्याशी जुळवून घेतो. दारू मेंदूचे काम मंदावते, म्हणून मेंदू स्वतःला सतत चढ्या पट्टीवर ठेवू लागतो. दारू एकदम थांबली की हा चढलेला वेग मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांत हाताला कंप, घाम, धडधड, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, दिवस कोणता आणि आपण कोठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो. या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास तिच्यात माणूस दगावतो. घरच्यांना वाटते बाहेरचे काही झाले, आणि ते दवाखान्याऐवजी भलत्याच दारी जातात.

म्हणजे व्यासपीठावर संकल्प घेतलेल्या माणसाला दवाखान्याची सर्वाधिक गरज लागते ती नेमकी आपण त्याचे अभिनंदन करत असतो त्या दिवसांत. त्यातच काही ठिकाणी संकल्पाबरोबर उपवास जोडण्याची प्रथा दिसते. हे फार धोक्याचे आहे. दीर्घकाळ पिणाऱ्याचे पोषण आधीच खालावलेले असते, ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता असते, रक्तातील साखर घसरू शकते. त्याला त्या आठवड्यात एकादशी नको, वेळेवर जेवण हवे आणि डॉक्टरांनी दिलेले ब-१ हवे.

म्हणून संकल्पाआधी चार प्रश्न विचारायचेच. रोज पिता का, आणि किती? सकाळी उठल्याबरोबर लागते का? पूर्वी सोडली तेव्हा फिट किंवा भ्रम झाला होता का? झोपेच्या गोळ्या घेता का? शेवटचा प्रश्न अनेकदा राहून जातो. झोपेच्या व चिंतेवरच्या काही गोळ्याही एकदम बंद केल्यास फिट येते. यातील एकाही प्रश्नाचे उत्तर चिंताजनक असेल तर आधी डॉक्टर, नंतर संकल्प. जिल्हा रुग्णालय, जवळचे मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्र, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ किंवा टेलिमानस १४४१६ हे प्रत्येक समुपदेशकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावे. तंबाखू सोडताना असा जिवावरचा धोका नसतो, त्रास मात्र होतो. तेव्हा सर्व व्यसनांना एकच माप लावू नये.

अफूवर्गातील पदार्थांची गोष्ट आणखी निराळी आहे. हेरॉइन, ज्याला पंजाबात चिट्टा म्हणतात, सोडताना शरीराचे अतोनात हाल होतात. पण निरोगी तरुण सहसा त्या हालांनी मरत नाही. तो मरतो नंतर. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि एखाद्या वाईट संध्याकाळी तो पूर्वीइतकीच मात्रा घेतो, तेव्हा श्वास थांबतो. हे त्याला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगणे आपले कर्तव्य आहे. अशा रुग्णांना डॉक्टर जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन ही गोळी देतात. तिने तलफ आवरते, माणूस कामावर जाऊ लागतो, मृत्यूचा धोका कमी होतो. आपल्यातील काही उत्साही मंडळी त्याला म्हणतात, ‘ही गोळी म्हणजे दुसरे व्यसनच. ती सोड आणि नाम घे.’ हे वाक्य आपल्या कोणत्याही केंद्रात उच्चारले जाऊ नये. नाम घेण्यासाठी माणूस जिवंत असावा लागतो. मधुमेह्याची इन्सुलिन आपण बंद करत नाही, तशी ही गोळीही आपल्या अधिकारातली नाही.

संकल्प कोणाचा?

येथे मूळ प्रश्नाकडे येऊ. व्यासपीठावरचा तो संकल्प खरोखर कोणाचा असतो? कित्येकदा तो पत्नीचा असतो, भावाचा असतो, आणि, आपण प्रामाणिक असू तर, समुपदेशकाचा असतो. ‘माझ्याकडे आलेल्यांपैकी इतके सुटले’ हा हिशेब मनात चालू असतो. कर्तेपणाचा अहंकार सोडावा असे आपण इतरांना सांगतो आणि येथे तो सेवेच्या पांढऱ्या कपड्यांत आत येतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांशी बोलण्याची एक पद्धत मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी ती विस्ताराने लिहिली. तिचे मर्म घरगुती भाषेत सांगता येईल. व्यसनी माणसाच्या मनात दोन बाजू असतात : सोडावीशी वाटते आणि सोडवत नाही. आपण ‘सोड’ या बाजूने वकिली सुरू केली की त्याला उरलेल्या बाजूची वकिली करावी लागते. तो म्हणतो, ‘मी काही रोज पीत नाही, माझ्या पैशाची पितो.’ आपण जितके पटवू तितका तो आपल्याच तोंडाने दारूचे समर्थन पक्के करतो. याउलट, ‘यातून तुम्हाला काय मिळते आणि काय जाते?’ असे खरोखर जाणून घेण्यासाठी विचारले आणि गप्प बसलो, तर सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून येऊ लागतात. ती कारणे त्याची असतात, म्हणून टिकतात. मुलगी आपल्याला पाहून रस्ता बदलते, हे तो स्वतः सांगतो तेव्हा त्याचे वजन आपल्या शंभर प्रवचनांहून अधिक असते.

ही पद्धत निरुपाय म्हणून स्वीकारायची नाही. दुसऱ्याच्या आत्म्यावर आपला हक्क नाही, ही आपलीच श्रद्धा आहे. ती येथे वापरायची एवढेच.

नकळत दिलेले औषध

उत्तर भारतापासून दक्षिणेपर्यंत रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर एक जाहिरात दिसते : रुग्णाच्या नकळत दारू सोडवा. समुपदेशकासमोर बसलेली आई किंवा पत्नी हमखास तेच विचारते. ‘काही पूड असेल तर द्या, भाजीत घालीन. त्यांना कळणार नाही.’ तिची अगतिकता समजून घ्यायला हवी. तिने सगळे करून पाहिलेले असते.

परंतु अशा पुड्यांत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि डायसल्फिराम हे खरे औषध जरी असले तरी ते चोरून देणे घातक आहे. हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. ज्याला औषधाची कल्पना आहे तो या भीतीने पीत नाही, आणि उपचार म्हणून त्याचा उपयोग त्यामुळेच होतो. ज्याला कल्पना नाही तो नेहमीप्रमाणे पितो आणि कोसळतो. शिवाय एक दिवस त्याला कळतेच. त्यानंतर तो घरचे अन्न संशयाने खातो. सत्य हा यम येथे असा लागू होतो : कोणताही उपचार त्याच्यापासून लपवून नाही, मग हेतू कितीही शुद्ध असो. त्या माउलीला ‘नाही’ म्हणताना रिकाम्या हाताने परत मात्र पाठवू नये. तिच्या स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल, मारहाणीबद्दल, पैशाबद्दल बोलावे. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानात (स्थापना १९८०) आणि पुण्याच्या मुक्तांगणात (१९८६) कुटुंबीयांसाठीही स्वतंत्र काम होते, ते यासाठीच. नवरा यायला तयार नसला तरी पत्नीचे समुपदेशन सुरू होऊ शकते, आणि पुष्कळदा घरातला पहिला बदल तिच्यातूनच येतो.

तोच न्याय जबरदस्तीने उचलून नेण्याला. चार धडधाकट माणसे गाडी घेऊन येतात आणि व्यसनी माणसाला घरातून उचलून एखाद्या केंद्रात कोंडतात, हे आपल्या देशात सर्रास घडते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरतो. त्यामुळे अशा रुग्णालाही त्या कायद्याचे हक्क आहेत. इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वाट कायद्यात आहे, पण ती तज्ज्ञांच्या तपासणीतून आणि ठरलेल्या मुदतीत जाते. कोणालाही साखळीने बांधून ठेवणे त्या कायद्याने निषिद्ध आहे. आणि ज्या ठिकाणी अशा रुग्णांना उपचारासाठी ठेवून घेतले जाते ते ठिकाण आश्रम असो वा योगकेंद्र, त्याची नोंदणी आवश्यक ठरते. आपल्या एखाद्या वास्तूत ‘महिनाभर राहू द्या, सुधारेल’ म्हणून कोणाला ठेवण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

गोष्टीची चोरी

अस्तेयाविषयी लिहिताना माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे भाग आहे.

महाराष्ट्राबाहेरील एका शहरातील मराठी मंडळात मी व्यसनमुक्तीवर बोलत होतो. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांची वाटचाल फार हृद्य होती. मी नाव सांगितले नाही. गावही बदलले. पण बँकेतील नोकरी, दोन मुली, आणि मोठीच्या बारावीच्या निकालादिवशी त्यांनी बाटली मोरीत ओतली हा प्रसंग, एवढे सांगितले. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी मंडळांत सगळे सगळ्यांना ओळखतात. निकालाचे पेढे कोणाकोणाकडे गेले होते हेही लोकांच्या लक्षात होते. सभा संपायच्या आत नाव ओळखले गेले. ते गृहस्थ त्यानंतर माझ्याकडे आले नाहीत. मी क्षमा मागायला घरी गेलो, तेव्हा त्यांनी चहा दिला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि दारापर्यंत सोडायला आले. त्यांच्या पत्नी मात्र बाहेर आल्या नाहीत.

त्यांची गोष्ट त्यांच्या मालकीची होती. मी ती उचलली आणि माझे भाषण सजवले. नाव गाळल्याने चोरी सुटत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या १९३५ मध्ये सुरू झालेल्या चळवळीने अनामिकता नावातच घेतली. तेथे कोण आले होते हे बाहेर बोलायचे नाही. आपण अनुभवकथनाला फार महत्त्व देतो, त्यामुळे आपल्याला हा धडा अधिक लागतो. ज्याला स्वतःहून सांगायचे आहे त्यालाही घाई करू नये. नुकत्याच सुटलेल्या माणसाला आपल्या शब्दांची किंमत पुढे काय पडेल याचा अंदाज नसतो, आणि आपल्या उपकाराखाली असल्याने तो नाही म्हणू शकत नाही. अशी संमती संमती नव्हे.

गुजरात व बिहारमधील साधकांना याची आणखी एक बाजू माहीत असेल. तेथे दारूबंदी आहे. आपल्यासमोर पिण्याची कबुली देणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याची कबुली देत असतो. त्याचा फोटो ‘संकल्पधारी’ म्हणून टाकणे म्हणजे काय, याचा विचार करावा. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला काही मर्यादित प्रकरणांत खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ आहे. पण त्याची खात्री वकिलाने द्यायची, समुपदेशकाने नव्हे. मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये आहे, आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो वा माहिती त्याच्या संमतीविना माध्यमांना देण्यास कलम २४ मनाई करते. आपले केंद्र त्या कायद्याच्या व्याख्येत बसते की नाही हा वाद बाजूला ठेवून, आपण निदान इतके तरी पाळावे.

गोपनीयतेला मर्यादा आहेत, आणि त्या पहिल्याच भेटीत सांगायच्या. जीव द्यायचा बेत असेल, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, तर गप्प राहता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्याने (२०१२) ते कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. नंतर सांगितल्यास त्याला विश्वासघात वाटतो. आधी सांगितल्यास तो काय बोलायचे हे स्वतः ठरवतो.

उरलेले दोन यम

ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह यांबद्दल थोडक्यात. ज्याचे समुपदेशन करतो त्याच्याशी उसनवार, व्यवसाय, मुलांच्या सोयरिकी, रात्री-अपरात्रीचे वैयक्तिक संदेश नकोत. शारीरिक जवळीक तर सर्वथा वर्ज्य. देणगीची गोष्ट त्याच्याकडे काढू नये. तो स्वतः देऊ लागला तर वर्षभर थांबायला सांगावे. एकाच सत्संगात बसणाऱ्याचे समुपदेशन शक्यतो दुसऱ्याकडे सोपवावे. आपली उपासनाही त्याच्यावर लादू नये. तो मुसलमान असेल, ख्रिस्ती असेल, काहीच मानत नसेल. मदतीसाठी दार ठोठावणाऱ्याकडून श्रद्धा वसूल करणे हाही परिग्रहच.

घसरण

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, जे दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय केंद्राने केले, दारूवर अवलंबून असलेल्यांची संख्या सुमारे २.९ कोटी आढळली, आणि त्यांतील अडतीस जणांपैकी फक्त एकाने कसलीतरी मदत मिळाल्याचे सांगितले. बाकीचे का येत नाहीत याचे एक उत्तर आपल्या व्यासपीठाजवळ सापडते. ज्याने सर्वांसमक्ष पाणी सोडले तो दोन महिन्यांनी घसरला, तर तो कोणत्या तोंडाने सत्संगाला येईल? घसरण हा या आजाराच्या वाटेवरचा नेहमीचा टप्पा आहे. आपण मात्र तिला संकल्पभंगाचे पाप करून ठेवतो. मग तो आपल्याला टाळतो, घराला टाळतो, आणि दारू एकट्याने पिऊ लागतो.

म्हणून संकल्प घ्यायचाच असेल तर खोलीत, हव्या त्या एक-दोन माणसांपुढे घ्यावा. काळ आजच्या दिवसापुरता असावा. आणि त्याच वेळी ठरवून ठेवावे : घसरलो तर पहिला फोन कोणाला. तो फोन येईल तेव्हा आपण ‘का रे प्यायलास?’ असे विचारायचे नाही. ‘बरे केलेस फोन केलास, जेवलास का?’ असे विचारायचे.

मंडळातील चर्चेसाठी

पुढील प्रसंग चार-पाच जणांच्या गटात, घाई न करता बोलावा. शाळेची व्हॅन चालवणारा एक गृहस्थ तुमच्याकडे दोन महिने येत आहे. आज तो रडत सांगतो की गेला आठवडाभर सकाळच्या फेरीआधी तो पितो, नाहीतर हात थरथरतात. नोकरी गेली तर घर चालणार नाही, कोणाला सांगू नका, असे म्हणतो. रात्रीचे आठ वाजले आहेत, सकाळी साडेसहाला व्हॅन निघते. पहिल्या भेटीत तुम्ही मर्यादा सांगितल्या होत्या का, त्याने आज रात्री एकदम थांबावे असे सांगणे सुरक्षित आहे का, सुट्टी घेण्यासाठी तो स्वतः शाळेला फोन करेल का, आणि त्याने केला नाही तर तुम्ही कोणाला, नेमके किती सांगाल? गटातील प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर कागदावर लिहावे, मग वाचावे. शक्य असल्यास एखाद्या मनोविकारतज्ज्ञांना त्या बैठकीला बोलवावे.